दोन तासांवरचं कलकत्ता

१

घरातला माणूस गावाला गेला, की तो तिकडे पोचेपर्यंत घर झाडायचं नाही, हा रुख्माबाईंचा कायदा होता. आणि देवळीतल्या त्या तीन खोल्यांत रुख्माबाईंच्या वर कोर्ट नव्हतं.

माणूस वर्ध्याला गेला तर फारसं बिघडत नसे. तासाभरात एसटी पोचायची आणि सुनेच्या, म्हणजे नलूच्या, हातात झाडू यायचा. पण नलूचा नवरा वासुदेव गावातल्या एका जिनात फिटर होता. कापसातली सरकी काढायची आणि रुईच्या गाठी बांधायच्या, असा तो कारखाना. एखाद्या यंत्राचा भाग मोडला, की शेठ वासुदेवला ट्रकवर बसवून थेट कलकत्त्याला धाडायचे. रस्त्यानं चार दिवस, टायर फुटला तर पाच. तितके दिवस केर जिथल्या तिथे. हंगामात हवेतच कापूस असतो. खाटेखाली तंतूंचे गोळे जमायचे आणि दार उघडलं की घरभर फिरायचे. नलू वर्ध्याची, मॅट्रिक झालेली. ती काही बंडखोर नव्हती, तिला फक्त केर सहन होत नसे.

"वाटेतल्या माणसाच्या मांगं झाडू नाई फिरवू वो," सासू म्हणायची, "वाट पुसल्या जाते."

"अन् पोचल्यावर?"

"पोचल्यावर झाड ना. मंग घर तुयंच हाये."

एवढी सवलत नलूला पुरेशी होती. ती चार दिवस दात-ओठ खायची, आणि पाचव्या दिवशी सकाळी पदर खोचून घराचा आरसा करायची.

२

एकोणऐंशीच्या हिवाळ्यात, ऐन हंगामात, गाठी बांधायच्या प्रेसचा पंप बंद पडला. कापसानं भरलेल्या बैलबंड्यांची रांग पार यवतमाळच्या रस्त्याला लागली. शेठनं डोक्याला हात लावला, मग तोच हात खिशात घातला आणि वासुदेवला सांगितलं, या वेळी विमानानं जायचं. नाश्ता नागपुरात, जेवण कलकत्त्यात.

गल्लीतून विमानात बसणारा हा पहिलाच माणूस. जिनातला त्याचा जोडीदार श्रावण आदल्या संध्याकाळी येऊन बसला आणि हटेना. "वासुदेवभाऊ, वरून देवळी दिसली तं हात हालवजो बरं. मी जिनाच्या टिनावर उभा राह्यतो."

"किती घंटे लागते?" रुख्माबाईंनी विचारलं.

"दोन."

"दोन घंट्यात तं यवतमाळ येते, बापा." त्यांना हसू आलं नाही. विमान पडेल वगैरे भीती त्यांना नव्हती. इतका लांबचा माणूस इतक्या लवकर कसा पोचेल, हेच त्यांच्या मनात शिरत नव्हतं.

वासुदेव पहाटेच्या गाडीनं निघाला. निळ्या रेघांचा सदरा, खांद्याला रेक्झिनची बॅग. नलूनं दिवसभराचा हिशोब मनात मांडून ठेवला होता: साडेनवाला विमान सुटतं, साडेअकराला उतरतं. कायदा मोडायचा तिचा विचार नव्हता, उलट तिनं तो तंतोतंत पाळला. साडेअकरा वाजले तरी ती थांबली. विमानाला अर्धा तास जास्तीचा दिला, मान म्हणून. बाराच्या भोंग्याला तिनं झाडू उचलला आणि माजघरापासून समोरच्या खोलीपर्यंत सगळं लख्ख झाडलं. पहाटे वासुदेव आंघोळीहून ओल्या पायांनी गेला होता, त्याचे धुळीत वाळलेले ठसे दारापर्यंत होते. तेही गेले.

रुख्माबाई देवळातून आल्या आणि उंबरठ्यावरच थबकल्या. "तो पोचला?"

"केव्हाचेच. जेवण झालं असन आता."

रुख्माबाई उंबरठ्यावर खाली बसल्या आणि बराच वेळ रस्त्याकडे पाहत राहिल्या. संध्याकाळी श्रावण निरोप घेऊन आला: जिनाच्या फोनवर ट्रंककॉल आला होता, वासुदेवभाऊ पोचले. नलूनं सासूकडे पाहिलं. नजरेत जरासा विजय होता, हे कबूल करायला हवं.

३

चौथ्या दिवशी संध्याकाळी वासुदेव पंपाचा भाग घेऊन परतला, तोही विमानानंच. लांबून आलेल्या माणसावरून भाकरीचा तुकडा आणि पाणी ओवाळून टाकायचं, मग त्यानं घरात यायचं, अशी रीत. नलूनं तुकडा-पाणी आणून सासूच्या हातात दिलं. रुख्माबाईंनी दारात उभ्या असलेल्या मुलाकडे पाहिलं. मग तुकडा पुन्हा टोपल्यात ठेवून दिला.

"आत्याबाई, काऊन?"

"येऊ तं दे त्याले," त्या म्हणाल्या आणि चुलीकडे वळल्या.

वासुदेव हसला. नलूला मात्र राग आला. झाडलं म्हणून एवढा डूख! तिनं स्वतःच तुकडा ओवाळला, त्याला आत घेतलं आणि चहा ठेवला. तो समोरच्या खोलीतल्या बाकावर बसला. बॅग पायांच्या मध्ये, बूट तसेच. विमानाच्या गोष्टी सांगत होता. जाताना विमान दीड तास उशिरा सुटलं. मधात एकदा एकाएकी खाली गेलं, बाजूचा मारवाडी तर रडायलाच लागला. मग सगळं ठीक झालं.

"किती वाजता?" नलूनं विचारलं.

"बारा असन. काऊन?"

"काही नाई."

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते, असं नलूनं स्वतःला बजावलं. विमानं खाली-वर होतच असतात. तेवढ्यात वासुदेवनं चहा संपवला, भरभर, उभ्या उभ्या. मग खिशात हात घातला, बशीशेजारी पस्तीस पैसे ठेवले आणि पुन्हा बाकावर जाऊन बसला.

नलू त्या नाण्यांकडे पाहत राहिली. थट्टा असावी म्हणून तिनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं. तो खिडकीतून बाहेर पाहत होता, एसटी स्टँडवर माणूस आपल्या गाडीच्या पाटीकडे पाहतो तसा.

४

जिनातलं काम त्यानं चोख केलं. प्रेस सुरू झाला, शेठ खूश झाले, गावात कोणाला काही खटकलं नाही. घरी मात्र तो बूट काढेना. काढले तरी पायांशीच ठेवी आणि दर थोड्या वेळानं त्यांना हात लावून पाही. खाटेवर झोपायचा नाही. बाकावर बसल्या बसल्या भिंतीला डोकं टेकवून डोळे मिटायचा. आणि बसला की हलायचा. अगदी थोडं. आधी डावीकडे, मग सरळ, मग एखाद्या वळणावर गेल्यासारखा उजवीकडे. एकदा त्याच्या शेजारी बाकावर पाण्यानं भरलेला गडवा होता. वासुदेव उजवीकडे कलला, तसं गडव्यातलं पाणीही उजव्या काठाला आलं. बाक जागचा हलला नव्हता. नलूनं गडवा उचलून आत नेला आणि पुन्हा त्या बाकावर काही ठेवलं नाही.

डॉक्टर म्हणाले, थकवा आहे. त्यांनी ताकदीच्या गोळ्या दिल्या. नलूला ते पटलं, कारण पटवून घ्यायचंच होतं. चार रात्रींचं जागरण, ऐन हंगामाचं काम, विमानाचा धसका. मॅट्रिक झालेल्या बाईला याहून अधिक कारणं लागतात काय?

तिसऱ्या दिवशी सकाळी ती चुलीपाशी भाकरी थापत होती. समोरच्या खोलीतून त्याचा आवाज आला, झोपेतला, थकलेला.

"सरायपाली."

"काय म्हणलं?"

भाकरी तव्यावर टाकून ती बाहेर आली. तो जागा होता. "सरायपाली काय हाये?" तिनं विचारलं.

"कोण म्हणलं?"

"तुमीच तं."

"मी कायले म्हणीन?" त्यानं बुटांना हात लावून पाहिला.

दुपारी नलू शेजारच्या शाळेत गेली आणि गुरुजींच्या बायकोकडून नकाशाचं पुस्तक मागून आणलं. तिला आधी विमानाचा मार्ग पाहायचा होता. नागपूर आणि कलकत्ता यांच्यामध्ये तिनं सरळ पट्टी ठेवली. अकराला सुटलं, एकला पोचलं, म्हणजे बाराला बरोबर मध्ये. तिथं तिनं बोट ठेवलं. छत्तीसगडातला जंगलाचा हिरवा पट्टा होता. तिनं बोट उचललं, तर त्याच्याखाली, रायपूरच्या पलीकडे, मोठ्या रस्त्यालगत, बारीक अक्षरांत ते नाव होतं.

ट्रकनं जाता-येता त्यानं हे गाव शंभरदा पाहिलं असेल. तिथं चहा प्यायला असेल. झोपेत माणूस काहीही बोलतो. नलूनं पुस्तक मिटलं आणि त्याच दिवशी परत करून आली.

५

पण नावं येत राहिली. दोन दिवसांनी "पिथोरा." मग "आरंग." मग एका संध्याकाळी, दिवे लावायच्या वेळेला, "रायपूर आलं," आणि त्या वेळी तो जरासा हसलाही. नलूला नकाशाची गरज उरली नव्हती. सगळी नावं एकाच रस्त्यावरची होती आणि प्रत्येक नाव आधीच्या नावापेक्षा घराच्या जवळचं होतं. ट्रकनं यातली कोणतीही दोन गावं सकाळ-दुपारची; इथं मध्ये दिवसच्या दिवस जात होते. हा वेग कोणत्याच गाडीचा नाही, हे ताडायला तिला कागद-पेन्सिल लागली नाही. खाई त्याला खवखवे म्हणतात. झाडू मारणाऱ्या हातांना सगळ्यात आधी कळलं.

सदऱ्याची कॉलर रोज सकाळी लाल व्हायची. देवळीची माती काळी. त्या मातीत लाल धूळ कुठून येणार? रुख्माबाई एका संध्याकाळी मुलाचे पाय तेल लावायला घेऊन बसल्या, आणि नलूनं दिव्याच्या उजेडात ते तळवे पाहिले. दिवसभर बुटात असणारे ते पाय. टाचा फाटून भेगांत लाल माती बसली होती, आणि दोन्ही अंगठ्यांखाली फुटलेले फोड होते.

"लय चालून राह्यला माहा पोरगा," रुख्माबाई हळूच म्हणाल्या. त्यांच्या आवाजात भीती नव्हती, नुसती माया होती. ती माया ऐकून नलूच्या अंगावर काटा आला.

तेव्हापासून रुख्माबाईंनी घर झाडू दिलं नाही. नलूनंही हट्ट धरला नाही. कापसाचे गोळे खोलीभर फिरत. त्या रोज दारात एक भरलेला गडवा ठेवायच्या आणि रात्री एक भाकर जास्तीची टाकायच्या.

एका दुपारी घरात कोणी नव्हतं. वासुदेव जेवायला आला होता आणि बाकावर डोळे मिटून बसला होता. नलू ताट उचलायला वाकली, तेव्हा तिला ऐकू आलं. चर्र, चर्र. मुरमाच्या रस्त्यावर माणूस चालतो तसं. तिनं दाराबाहेर पाहिलं, रस्ता मोकळा होता. आवाज बाहेरून येत नव्हता. ती खाली बसली आणि लहान मुलाचा ताप पाहावा तसा कान त्याच्या पाठीला लावला.

पावलं होती. संथ, थकलेली, एकामागून एक. मध्येच ती बाजूला सरल्यासारखी झाली आणि एक ट्रक आला, भोंगा वाजवत जवळून गेला, दूर गेला. मग पुन्हा पावलं.

ती ताट तिथंच टाकून परसात गेली आणि विहिरीच्या कठड्याला धरून उभी राहिली.

६

राजनांदगाव गेलं. साकोली गेली. संक्रांत होऊन गेली आणि भंडारा आलं. रुख्माबाईंना जणू पंख फुटले होते. त्यांनी मुलासाठी नवं धोतर काढून ठेवलं. आणि तिकडे बाकावरचा वासुदेव ओसरत चालला. वजन तेवढंच, जेवण तेवढंच, पण श्रावण एकदा नलूला वाटेत गाठून म्हणाला, "वहिनी, भाऊले काय झालं वो? बाजूले उभा राह्यते अन् मले वाटते, कोणी नाईच. आवाज देल्ला का उशिरानं ओ देते. जसं लांबून येऊन राह्यलं."

नलूच्या जिवाची घालमेल कोणाला सांगण्यासारखी नव्हती. जो येत होता तो तिचा नवरा होता. तिनंच त्याला जंगलात सोडला होता आणि तो बिचारा पायी घरी येत होता. त्याला दार उघडायचं, हे तिचं देणं होतं. पण हा घरातला कोण होता मग? भाकरीचा पापुद्रा आधी सोलून खायची सवय त्याचीच. भुवईवरची लहानपणची खूण त्याचीच. पगार तिच्या हातात देऊन मुकाट बाजूला होणारा तोच. तिनं आपल्या हातानं त्याच्यावरून तुकडा ओवाळून त्याला घरात घेतलं होतं. तिला त्याची भीती वाटायची, आणि भीती वाटते याचं रडू यायचं.

एका संध्याकाळी त्यानं तिचा पदर धरला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तो तिच्याकडे नीट पाहत होता.

"नलू, कोणी आलं तं मले उठवू नोको."

"कोण येईन?"

"कोणीबी. म्हणन, ही माही जागा हाये. तू सांगजो, मी पह्यलेपासून बसलो आहो." त्यानं पदर आणखी घट्ट धरला. "मले उतरू देऊ नोको, नलू."

"नाई," ती म्हणाली. "नाई उतरू देत." आणि माजघराच्या दारात रुख्माबाई उभ्या राहून हे ऐकत होत्या.

दुसऱ्या दिवशी "नागपूर." त्यानंतर "बुटीबोरी." पुढच्या सकाळी, दात घासता घासता, "सेलू गेलं."

सेलू. तिथून पवनार, पवनारहून वर्धा, वर्ध्याहून घर. घोडामैदान जवळ आलं होतं.

७

"नागपूरले मोठ्या डाक्टरले दाखवतो," नलूनं त्याच सकाळी सासूला सांगितलं. ते खोटं नव्हतं. तिनं मनाशी नीट विचार केला होता. नागपूरचा रस्ता सेलूवरूनच जातो. रस्त्यावर कोणी नसेल, तर हे सारं डोक्यातलं आहे, त्याच्या आणि आपल्याही, आणि मग औषध आहे. डोळ्यांनी एकदा पाहिलं की झालं. रुख्माबाई तिच्याकडे पाहत राहिल्या. "चुकामूक करू नोको वो त्याची," एवढंच म्हणाल्या.

वर्ध्याला गाडी बदलली. नलू खिडकीशी बसली. वासुदेवनं तिच्या शेजारी बसून समोरचा दांडा दोन्ही हातांनी धरला. पवनारचा पूल आला. खाली धाम नदीचं पाणी उन्हात चमकत होतं, काठच्या वाड्यांत कोबीला पाणी देणाऱ्या बाया वाकलेल्या होत्या. सगळं इतकं रोजचं होतं, की नलूला आपलंच हसू यायला लागलं. पूल गेला. कडुलिंबांची सावली सुरू झाली.

"पाहू नोको," वासुदेव म्हणाला. त्याचे डोळे मिटलेले होते.

तिनं पाहिलं.

समोरून, रस्त्याच्या कडेनं, एक माणूस येत होता. डोक्यावरून दुपट्टा घेतलेला, त्यामुळे तोंड सावलीत. खांद्याला बॅग. एका पायावर जरा जड चालत होता, पण थांबत नव्हता. घर जवळ आल्यावर माणूस थांबत नाही तसा. अंगात निळ्या रेघांचा सदरा होता, धुळीनं लालभडक झालेला. तो सदरा तर तिनं कालच धुऊन दोरीवर टाकला होता. बस त्याच्या शेजारून गेली. त्यानं धुळीपासून तोंड वळवलं.

आपण केव्हा उठलो, केव्हा ओरडलो, हे नलूला कळलं नाही. "थांबवा! थांबवा ना गाडी!" कंडक्टर वैतागला, कोणीतरी म्हणालं, बाईले मळमळून राह्यलं, आणि गाडी करकचून थांबली. वासुदेवनं तिचा हात धरला. ती पकड इतकी घट्ट आणि इतकी थंड होती, की तिला बोटं एकेक करून सोडवावी लागली.

"मी आलीच," ती म्हणाली. "बसा तुमी."

ती खाली उतरली. तो माणूस पुलाच्या दिशेनं बराच पुढे गेला होता. पाठमोरा. आता नाही गाठलं, तर तो पुलापार जाईल, वर्ध्याला जाईल, संध्याकाळी दारात उभा राहील. ती धावली. साडी पायात आली, चप्पल निसटली. त्याची चाल धीमी दिसत होती, तरी अंतर काही कमी होईना.

लग्नाला सात वर्षं झाली होती. 'आयकलं का' आणि 'अहो' यांच्यावर तिचा संसार चालला होता. नवऱ्याचं नाव तिनं चारचौघांत कधी घेतलं नव्हतं, एकांतातही नाही. ती भर रस्त्यात उभी राहिली आणि छातीत होता नव्हता तेवढा श्वास घेऊन तिनं हाक मारली.

"वासुदेव!"

तो थांबला.

"ओ," तो म्हणाला. तोच आवाज. लांबून आलेला, पण तोच.

आणि तिच्या मागून, उभ्या गाडीच्या खिडकीतून, त्याच आवाजात, रडवेली, दुसरी ओ आली.

पुढचा माणूस हळूहळू वळायला लागला. मागे कंडक्टरनं गाडी सोडायला दोनदा घंटी ओढली.